दुरुस्तीला दिलेल्या आरसी (रिमोट कंट्रोल) रणगाड्याचा बोर्डच बदलून आला: 16,680 रुपये गेले, तुमचे वाचवा

आधी आकडे लिहितो, कारण "अहो, गेले असतील थोडेफार" हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. टँक कुरियरने पाठवायला 480. "तपासणी" 700. "नवा बोर्ड", म्हणजे मोटर, आवाज, रिमोट सगळं सांभाळणारं आतलं सर्किट, 6,800. "ड्यूटी आणि शिपिंग" 2,450. "मेटल गिअरबॉक्सची जोडी" 4,900. "बाइंडिंग आणि बेंच टेस्टिंग", म्हणजे रिमोट बोर्डशी जुळवून टेबलावर चाचणी, 1,350. एकूण 16,680 रुपये. आणि मूळ बिघाड काय होता? डाव्या मोटरच्या टोकाला तुटलेली एक वायर. शेवटी ती आमच्या इथल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने जोडली, 50 रुपये घेतले आणि तेही मी बळेच हातात कोंबले म्हणून.

टँक हेंग लाँगचा, 1/16 स्केलचा टी-72. कंपनीचा यात काडीचाही दोष नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आमचे अण्णा आर्मर्ड कोअरमध्ये टी-72 चे ड्रायव्हर होते. आपल्याकडे त्याला 'अजेय' म्हणतात. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ते मला लहानपणी बोट धरून न्यायचे. युद्धात पकडलेल्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्यापुढे सगळे फोटो काढत असायचे आणि अण्णा मात्र प्रत्येक टँकच्या ड्रायव्हरच्या झाकणाकडे बघत उभे राहायचे. त्यांच्यासाठी मी हा टँक घेतला, रशियन रंग घालवून वाळूचा आणि हिरवा रंग दिला, धूर, आवाज, रिकॉइल सगळं चालू. अण्णांना हातात रिमोट धरता येतो तोवर तो चालला पाहिजे, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून डावा पट्टा फिरायचा बंद झाला तेव्हा मी घाई केली. ही घाई ज्या माणसाने ओळखली त्याने तिचा पुरेपूर फायदा घेतला.

लक्षण असं होतं: रिमोट जोडला जायचा, इंजिनचा आवाज यायचा, टरेट, म्हणजे तोफेचा मनोरा, फिरायचं, तोफ वर-खाली व्हायची, उजवा पट्टा चालायचा. डावा ढिम्म. कधी टँक हलवला की क्षणभर फिरायचा आणि पुन्हा बंद. ज्याला या छंदातलं थोडं कळतं त्याला आत्ताच उत्तर कळलं असेल. हलवल्यावर चालतंय म्हणजे कुठेतरी वायर सुटलेली आहे. बोर्ड जळला की तो हलवल्याने चालू होत नाही.

मी एका हॉबी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. काही मिनिटांत एकाचा खासगी मेसेज. "दादा, मोसफेट गेलाय. आता टँक चालू करू नका, नाहीतर दुसरी बाजूपण जाईल. प्लग वगैरे काढू नका, सेन्सिटिव्ह असतं." मोसफेट म्हणजे बोर्डवरचा मोटरला करंट देणारा भाग. त्याच ग्रुपवर लगेच दोघांनी लिहिलं, "एकदम जेन्युइन माणूस, माझे तीन टँक करून दिले." ते दोन्ही नंबर आज बंद आहेत. हे असे शिफारस करणारे कोण असतात ते मी इथे सांगायला नको.

त्याचं "प्लग काढू नका" हे वाक्य ध्यानात ठेवा. कारण प्लग काढणं हीच एकमेव तपासणी होती जी फुकट झाली असती आणि ज्यात तो उघडा पडला असता. या टँकच्या बोर्डवर डाव्या आणि उजव्या मोटरचे दोन पिनांचे वेगवेगळे सॉकेट असतात, प्लग मात्र सारखेच. टँक एखाद्या ठोकळ्यावर ठेवायचा, पट्टे जमिनीला टेकू द्यायचे नाहीत. बॅटरी काढायची, दोन्ही मोटरच्या प्लगची अदलाबदल करायची, पुन्हा चालू करायचा. चांगली मोटर डाव्या सॉकेटवर फिरली म्हणजे बोर्ड ठणठणीत आहे, दोष मोटरमध्ये किंवा वायरमध्ये. ती डाव्या सॉकेटवर फिरलीच नाही, तर मग बोर्डावर संशय घ्या. एवढंच. या तपासणीला मल्टिमीटरसुद्धा लागत नाही.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. माझा हात रंगावर बसलेला आहे, सर्किटवर नाही. समोरचा माणूस मोसफेट, एच-ब्रिज, स्टॉल करंट असे शब्द अचूक वापरत होता आणि बरंचसं बरोबरही सांगत होता. गिअरबॉक्समध्ये केस किंवा धागा अडकला की मोटर जाम होते, ओढ वाढते आणि बोर्डवरचा मोसफेट जळतो, हे खरंच आहे. खऱ्या माहितीत एक खोटं मिसळलेलं असलं की माझ्यासारख्या माणसाला ते वेगळं काढता येत नाही. घरचे म्हणतात, "तुला कसं कळलं नाही?" डॉक्टर खोटं बोलला तर पेशंटला कसं कळणार?

टँक पाठवला. पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला, "ऑफिस बंद असतं, कुरियरच्या ऑफिसातच ठेवा, मी उचलतो." पैसे यूपीआयवर, खात्यावर नाव एका बाईचं. "आईचं खातं आहे दादा, माझ्या खात्याची लिमिट संपली." इथेच थांबा तुम्ही. नाव वेगळं आलं की एक रुपया पाठवू नका.

आता ती गोष्ट, जी मला अजून रात्री झोपू देत नाही.

डाव्या-उजव्या प्लगमध्ये गोंधळ होऊ नये म्हणून मी रंगकाम करताना डाव्या मोटरच्या प्लगवर आणि बोर्डवरच्या त्याच्या सॉकेटवर घरातल्या लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावला होता. प्लग उलटे लागले तर टँक डावीकडे वळवताना उजवीकडे जातो, म्हणून. टँक पोचल्यावर त्याने मला "तुमचा जळालेला बोर्ड" म्हणून फोटो पाठवला. काळा पडलेला मोसफेट, आजूबाजूला काजळी, बोर्डाचा हिरवा रंग तिथे तपकिरी झालेला. मी फोटो मोठा करून बघितला. ठिपका नव्हता. कुठेच नव्हता.

मी विचारलं. विचारलं, हे मी ठासून सांगतो, कारण मी डोळे मिटून पैसे दिले असं कोणी म्हणू नये. त्याचं उत्तर आलं: "दादा, बोर्ड थिनरने साफ केला, त्यात नेलपॉलिश गेलं असेल." मला पटलं. थिनरने नेलपॉलिश जातंच. आणि मग मी 6,800 पाठवले.

आता त्या फोटोकडे परत बघतो तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते. बोर्ड थिनरने साफ केला, नेलपॉलिश निघालं, आणि काजळी तशीच? जी काजळी बोट फिरवलं तरी निघते ती राहिली, आणि कोरडं होऊन घट्ट बसलेलं नेलपॉलिश गेलं? सॉकेटच्या खाचेतून सुद्धा? उत्तर त्या फोटोतच होतं. तो माझा बोर्ड नव्हताच. कुणाचा तरी जळालेला बोर्ड, ज्याचा फोटो त्याने किती जणांना दाखवला असेल देव जाणे.

पुढचं तुम्हाला ठाऊक असलेल्या वळणानेच गेलं. बोर्ड "बाहेरून मागवायचा" म्हणून 2,450. हेही मला पटलं, कारण या छंदात सगळ्यांना माहीत आहे की 2020 मध्ये खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. मधल्या काळात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं झालं. रेडिओ असलेली वस्तू म्हटली की आणखी मंजुरी. सुटा बोर्ड मागवायचा तर पार्सल कस्टममध्ये अडकतं. त्यामुळे आपल्याकडे चांगला, चालू बोर्ड म्हणजे सोनं झालंय, आणि म्हणूनच हे लोक दुरुस्तीच्या नावाखाली चालू बोर्ड काढून घेतात. त्याला माझे पैसे तर हवेच होते, पण त्याहून जास्त माझा बोर्ड हवा होता. ड्यूटी भरल्याचं बिल मागा. बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे कस्टममधल्या आयातीच्या कागदाचा, नंबर मागा. "ग्रुपने एकत्र मागवलंय" हे उत्तर आलं की समजा, काहीच मागवलेलं नाही.

मग "गिअरबॉक्सपण गेलेत, नाहीतर नवा बोर्डपण जळेल", 4,900. मग व्हिडिओ. त्या व्हिडिओत माझाच टँक, माझाच रंग, तोफ वर होतेय, टरेट फिरतंय, उजवा पट्टा झकास चालतोय. कॅमेरा एकदाही डाव्या बाजूला गेला नाही. आज कळतंय का ते: तो व्हिडिओ माझ्याच मूळ बोर्डवर काढलेला होता, माझा बोर्ड पहिल्यापासून चालूच होता, आणि डावी वायर तुटलेलीच होती. दुरुस्तीचा व्हिडिओ मागाल तेव्हा जो भाग बिघडला होता तोच समोरून, सलग, न कापता दाखवायला सांगा. आणि त्याच व्हिडिओत बोर्डवरची तुमची खूण दाखवायला सांगा.

शेवटचे 1,350 दिल्यावर टँक घरी आला. चालू केला तर काहीच नाही. ना आवाज, ना दिवा. रिमोट जोडलाच जाईना. फोन लावला, वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी वरचं कवच उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. आत जो बोर्ड होता त्यावर क्रिस्टल (जुन्या रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणारा सुटा भाग) बसवायचं रिकामं सॉकेट होतं, आणि अँटेनाची लांब बारीक वायर मुळाशी कापलेली होती. जुन्या 27 मेगाहर्ट्झच्या काळातला बोर्ड. काकांनी समजावलं: 27 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण 11 मीटर, म्हणून त्या काळच्या खेळण्यांना लांबलचक अँटेना असायची. माझा रिमोट 2.4 गिगाहर्ट्झचा, तिथे लहर साडेबारा सेंटिमीटरची, अँटेना बोटाच्या दोन पेरांएवढी पुरते. या दोघांचं आयुष्यात कधी जुळणार नव्हतं. "बाइंडिंग"चे 1,350 घेतले त्या माणसाने, अशा बोर्डचे ज्याला बाइंडिंग हा प्रकारच नाही!

आणि "मेटल गिअरबॉक्स"? माझेच जुने. दातांवर चंदेरी स्प्रे मारलेला. काकांनी नखाने खरवडलं तर खालून पांढरं प्लॅस्टिक दिसलं, आणि ग्रीसवर स्प्रे मारल्यामुळे रंगाचे पापुद्रे दातांत अडकलेले. घरात चुंबक असेल तर लावून बघा. स्टीलचे गिअर असतील तर चिकटतो. पितळ किंवा झिंकचे असतील तर चिकटणार नाही, पण मग नखाने तरी खरवडा, वजन तरी बघा.

मग काकांनी डाव्या मोटरच्या वायरवर मल्टिमीटर लावला. लाल वायर बीप देईना. मोटरच्या टोकाला जिथे सोल्डर आहे तिथे वायर वरून अखंड दिसत होती, पण आतल्या तांब्याच्या तारा सोल्डरला लागूनच तुटल्या होत्या, फक्त रबराचं आवरण टिकून होतं. तिथे दोन टोकांमध्ये 104 लिहिलेला छोटा कपॅसिटर असतो, मोटरच्या ठिणग्यांमुळे रेडिओत खरखर होऊ नये म्हणून. त्याचाही एक पाय हलत होता. वायर कापली, सोलली, सोल्डर मारला, खाली सरकवलेली हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, वर ओढून गरम केली. थेट बॅटरी टेकवली, मोटर गर्रकन फिरली. अण्णा शेजारी स्टुलावर बसले होते. ते काही बोलले नाहीत. मोटर फिरली, पण ती चालवणारा बोर्ड मी माझ्या हातांनी त्या चोराला पाठवून दिला होता.

आता सरकारी दारांबद्दल.

पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, "खेळणं आहे ना?" मी म्हटलं, साहेब, टँकची किंमत 19,800, वर 16,680 गेलेत. ते म्हणाले, "दुरुस्ती नीट केली नाही, हा दिवाणी मामला आहे." दुरुस्ती नीट न करणं वेगळं, आणि विश्वासाने दिलेली वस्तू काढून घेऊन तिथे भंगार बसवणं वेगळं! भारतीय न्याय संहितेचं कलम 316 विश्वासघाताचं आहे, 318 फसवणुकीचं. मी कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा." सायबरला गेलो. "वस्तू तुम्ही स्वतः पाठवलीत, ओटीपी कोणी घेतला नाही, हे आमच्यात बसत नाही, ठाण्यात जा." ठाण्यात परत. "तो राहतो दुसऱ्या जिल्ह्यात, तिथे जा."

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. झीरो एफआयआर म्हणतात तो हाच. हे सांगितल्यावर मला ऐकवण्यात आलं, "तुम्ही वकील आहात का?" कायदा वाचायला वकील असावं लागतं का? मग तो आमच्यासाठी केलाय कशाला?

कुरियरच्या ऑफिसात गेलो. पार्सल कोणी उचललं, कुठलं ओळखपत्र दाखवलं, एवढंच विचारलं. "पोलिसांचं पत्र आणा." पोलीस म्हणतात, "आधी आरोपीचा पत्ता आणा." पत्ता कुरियरकडे, पत्र पोलिसांकडे, आणि मी मध्ये भर उन्हात स्कूटरवर. बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत आहे." होय, पिन मीच टाकला. फसवणूक म्हणजे नेमकं हेच असतं, माणसाला स्वतःच्या हाताने पैसे द्यायला लावणं. ज्या खात्यात पैसे गेले त्या खातेदार बाई कोण, एवढं त्यांच्या संगणकावर एका क्लिकवर दिसतं. "गोपनीयता" म्हणाले. चोराची गोपनीयता जपली जाते, माझे 16,680 कोण जपणार?

तक्रार घेतली शेवटी, पण अदखलपात्र म्हणून. सही करताना बघितलं तर त्यात लिहिलं होतं "खेळण्यातील गाडी". मी "रिमोट कंट्रोल इलेक्ट्रॉनिक रणगाडा, किंमत 19,800" असं लिहून घेतल्याशिवाय सही केली नाही. तुम्हीही करू नका. तक्रारीत "खेळणं" हा शब्द येऊच देऊ नका. वस्तूचं नाव, बोर्डची आवृत्ती, किंमत, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, सगळं लिहून न्या.

पैसे गेल्याचं कळल्या क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी आधी त्या माणसाला फोन लावत बसलो, त्यात वेळ गेला. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते. पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझं घोडं तिथेच अडलंय. म्हणून पत्ता आधी घ्या. घराचा, लाइट बिलासकट. "कुरियरच्या ऑफिसातच ठेवा" म्हणणाऱ्याला एक स्क्रूसुद्धा पाठवू नका.

बोर्ड बिघडलाच आहे असं वाटलं तरी आधी बॅटरी बघा. दोन सेलचा लिथियम पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर 8.4 व्होल्ट दाखवतो. पट्टे फिरवताना तो खूप खाली पडत असेल तर पॅक बदला, बोर्ड नाही. बाहेरून पॅक बनवून घेतला असेल तर जोडण्याआधी मल्टिमीटरने धन-ऋण तपासा, कारण कनेक्टर बसतो म्हणजे वायरी बरोबर आहेत असं नसतं, आणि उलट बसला तर बोर्ड खरंच जातो. धुराच्या युनिटचा प्लग काढून बघा, कोरडं चालवलं की ते तापतं आणि सगळा करंट तेच खातं. टरेट एकाच दिशेने फिरवत राहिलात तर खालच्या वायरींना पीळ पडतो, तिथेही तुटतात. आणि हे सगळं करूनही टँक दुसऱ्याला द्यायची वेळ आलीच, तर बोर्ड काढून घरी ठेवा. फक्त गिअरबॉक्स द्या. बोर्डच द्यायचा असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या बाजूला कायम राहील अशी खूण करा, आणि शक्यतो समोर बसून काम करून घ्या, अर्धा दिवस गेला तरी चालेल.

माझा बोर्ड आता कुठेतरी "नवा, इम्पोर्टेड" म्हणून विकला जाणार, किंवा विकलाही गेला असेल. 7.0 मालिकेचा, 2.4 गिगाहर्ट्झचा बोर्ड कोणी विकायला काढला असेल तर डाव्या मोटरच्या सॉकेटची खाच नीट बघा. त्याने वरून पुसलं असेल, पण खाचेत लाल नेलपॉलिश राहिलेलं असेल. तसं दिसलं तर पैसे देऊ नका, त्याच्याशी भांडूही नका. फोटो, नंबर आणि यूपीआयवर येणारं नाव जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याच्या तक्रारीला "दिवाणी" म्हणतात. दोघे-तिघे मिळून गेलो तर पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागेल.